स्प्लॅश माउंटनची टियाना झाली: उडी तीच, मग राग कशाचा?

प्रश्न असा आहे: फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम उद्यानात 2015 साली स्प्लॅश माउंटनवर बसलो होतो. आता मुलांना घेऊन परत जातोय. तीच राइड आता, डिस्नेच्या ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ चित्रपटातल्या नायिकेच्या नावाने, टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर झाली आहे. पाण्याचा पाट तोच, शेवटची उडी तीच, असं म्हणतात. मग चाहते एवढे का चिडले? आणि त्या चिडण्यात तथ्य किती?

आधी थेट उत्तर. पाट तोच आहे, उडीही तीच आहे, पण उडी मारायचं कारण बदललं. जुन्या राइडमध्ये ती उडी म्हणजे गोष्टीचा कळस होता. नव्या राइडमध्ये उडी आधीपासून होतीच, म्हणून तिच्याभोवती गोष्ट बसवली. चाहत्यांच्या तक्रारींपैकी सगळ्यात भक्कम तक्रार हीच आहे, आणि गोंगाटात सगळ्यात कमी ऐकू येते तीही हीच. बाकीचा आवाज बराचसा दुसऱ्याच भांडणांचा आहे. काहीजण बालपणासाठी भांडतायत, काहीजण अमेरिकेतल्या राजकारणासाठी. हे सगळं एका पोत्यात भरलं की कुणाचंच म्हणणं धड कळत नाही.

तारखा नीट लावून घेऊ, कारण वाद घालणारे अर्धेअधिक लोक इथेच घसरतात. स्प्लॅश माउंटन पहिल्यांदा कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये 17 जुलै 1989 ला उघडली. (गोराईचं एस्सेलवर्ल्डही 1989 चंच. त्या पिढीतल्या मुंबईकराला ‘माझ्या लहानपणीची राइड’ म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगायला नको.) टोकियो आणि फ्लोरिडात ती 1992 च्या ऑक्टोबरात आली. बदलाची घोषणा 25 जून 2020 ला झाली. फ्लोरिडातली राइड 22 जानेवारी 2023 ला शेवटची चालली, कॅलिफोर्नियातली 30 मे 2023 ला. नवी राइड फ्लोरिडात 28 जून 2024 ला आणि कॅलिफोर्नियात 15 नोव्हेंबर 2024 ला उघडली. म्हणजे घोषणा आणि पहिलं उद्घाटन यांत चार वर्षं गेली. चार वर्षं नवी राइड नव्हतीच, होती ती फक्त चर्चा. लोकांची मतं राइड बघण्याआधीच पिकून तयार झाली ती या काळात.

घोषणेचा मुहूर्तही तसाच होता. पोलिसांच्या हातून मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूला बरोबर महिना झाला होता, अमेरिकेत रस्तोरस्ती निदर्शनं चालू होती, आणि राइड बदला म्हणणाऱ्या ऑनलाइन अर्जावर हजारो सह्या पडत होत्या. डिस्नेने सांगितलं की या बदलावर आदल्या वर्षापासूनच काम चालू आहे. एका बाजूने म्हटलं, ‘दबावाला घाबरून केलं’, दुसरी बाजू म्हणाली, ‘इतकी वर्षं का थांबलात?’ राइड वाचवा म्हणणारा उलटा अर्जही लगेच फिरू लागला. आता अर्जावरची सही म्हणजे दोन सेकंदांचं काम. तिकीट काढून उद्यानात जाणारा माणूस आणि सही करणारा माणूस एकच असेल असं नाही. त्या आकड्यांवरून प्रेक्षकांचा कौल काढू नये, कुठल्याच बाजूने.

मूळ अडचण होती चित्रपटाची. राइडमधली पात्रं, म्हणजे ब्रेर रॅबिट, ब्रेर फॉक्स आणि ब्रेर बेअर, ही 1946 च्या ‘साँग ऑफ द साउथ’मधली. यादवी युद्धानंतरच्या दक्षिणेतल्या मळ्यावरचं कृष्णवर्णीयांचं आयुष्य या चित्रपटात गुलाबी रंगात रंगवलंय, हा आक्षेप चित्रपट लागला तेव्हापासूनचा आहे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने तो त्याच वर्षी नोंदवला होता. अटलांटात पहिला खेळ झाला तेव्हा मुख्य नट जेम्स बास्केट यांना तिथल्या वर्णभेदाच्या कायद्यांमुळे हजर राहता आलं नाही. अमेरिकेत हा चित्रपट 1986 नंतर चित्रपटगृहात आला नाही, आणि घरी बघायला कॅसेट किंवा डिस्कवर तर कधीच मिळाला नाही.

इथे गंमत आहे. राइड बांधणाऱ्यांना ही अडचण 1989 सालीच ठाऊक होती. गोष्ट सांगणारे अंकल रीमस राइडमधून वगळले, सशाला अडकवणाऱ्या डांबराच्या बाहुलीच्या जागी मधाचं पोळं आणलं. उरलेल्या प्राण्यांच्या गोष्टीचं मूळ आफ्रिकेतून आलेल्या लोककथांत आहे: दुबळा ससा डोक्याने बलवानांना गंडवतो. आपल्या पंचतंत्रातल्या सशाचा हा लांबचा भाऊच. त्यामुळे ‘आम्ही तो चित्रपट पाहिलाही नाही, आम्हाला फक्त ससा माहीत आहे’ असं चाहते म्हणतात ते खोटं नाही. आणि ‘ससा कुठून आला ते आम्हाला माहीत आहे’ असं दुसरे म्हणतात तेही खोटं नाही. दोघांचं खरं असताना कंपनीने काय करावं यावर मी इथे लांबण लावत नाही. माझ्या मते बदल समर्थनीय होता. प्रश्न तो कसा केला एवढाच आहे.

जुनी राइड चांगली का होती ते आता बघू. तिची कल्पना डिस्नेचे डिझायनर टोनी बॅक्स्टर यांची, 1983 ची. तेव्हा डिस्नेलँडमधला बेअर कंट्री हा भाग ओस पडत होता, आणि ‘अमेरिका सिंग्ज’ या जुन्या खेळातले हलते-बोलते पुतळे मोकळे होणार होते. दोन्ही प्रश्न एकाच राइडने सुटले. कॅलिफोर्नियातल्या शंभराहून जास्त पुतळ्यांपैकी बहुतेक अमेरिका सिंग्जमधून उचललेले होते. त्यातल्या दोन हंसांची कातडी सोलून त्यांचे सांगाडे शेजारच्या स्टार टूर्सच्या रांगेत यंत्रमानव म्हणून उभे केले, हे कट्टर चाहते हमखास ऐकवतात. मुद्दा असा की जी राइड ‘मूळ’ म्हणून पुजली जाते, ती स्वतःच दुसऱ्या लाडक्या खेळाच्या हाडामांसावर उभी होती.

पण तिची बांधणी मात्र अफलातून. ससा घर सोडून निघतो, कोल्हा आणि अस्वल मागे लागतात, तुम्ही छोट्या छोट्या उतारांवरून हसत खेळत जाता. मग अंधार वाढतो आणि ससा पकडला जातो. शेवटच्या चढणीला लॉग, म्हणजे ओंडक्यासारखी नाव, पट्ट्यावर चढतो, पाठ मागे कलते, समोर फक्त वरचं उजेडाचं भोक दिसतं, आणि डोक्यावर बसलेली दोन गिधाडं तुम्हाला चिडवत असतात. कोल्ह्याच्या तावडीतला ससा गयावया करत असतो: काहीही कर, पण मला त्या काटेरी जाळीत टाकू नकोस! कोल्हा नेमकं तेच करतो, आणि काटेरी जाळी म्हणजे तर सशाचं माहेर. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’मधली म्हातारी वाघोबाला ‘लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते, मग खा’ म्हणते, तीच जातकुळी. उडी मारताना तुम्ही फेकला गेलेला ससा असता. सुमारे 50 फूट, साधारण 45 अंशांचा उतार, ताशी 64 किलोमीटरच्या आसपास वेग, खाली काटेरी जाळी, आणि जाळीतून बाहेर पडलात की सुटका आणि गाणं. भीती, शिक्षा, फसवणूक, सुटका, सगळं त्या एका घसरणीत.

राइड लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने ही सोन्यासारखी जुळणी आहे: पोटात गोळा येण्याचा क्षण आणि गोष्ट फिरण्याचा क्षण एकच. अशी जुळणी ठरवून होत नाही, आणि नवं कथानक वरून चढवताना ती टिकवणं महाकठीण.

आता नवी गोष्ट. 2009 च्या ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’च्या शेवटानंतरचा काळ. टियानाने ‘टियानाज फूड्स’ नावाचा व्यवसाय काढलाय, तोही कामगारांच्या मालकीचा, म्हणजे चक्क सहकारी. मार्डी ग्रा या सणाची मोठी पार्टी आहे, सगळं तयार आहे, फक्त बँड मिळत नाही. तुम्ही टियाना आणि लुई मगरीबरोबर बायूमध्ये वादक शोधायला निघता. बायू म्हणजे लुइझियानातला संथ, दलदलीचा पाण्याचा प्रदेश. वाटेत मामा ओडी ही जादूगार म्हातारी तुम्हाला बेडकाएवढं लहान करते, तुम्हाला गाणारे-वाजवणारे प्राणी सापडतात, मग मामा ओडीच तुम्हाला परत मोठं करून पार्टीला पाठवते. उडी मारायची ती पार्टीला पोचायला.

दोष लगेच दिसतो. बँड सापडला नाही तर काय बिघडेल? फार काही नाही. पाठलाग नाही, खलनायक नाही. चित्रपटातला डॉक्टर फॅसिलिए मुद्दाम आणलेला नाही, कारण गोष्ट त्याच्या शेवटानंतरची. पण तेवढ्यामुळे 50 फुटांचा कडा बिनकारणाचा झाला. लहान मुलं घाबरत नाहीत हा फायदा आहे. पण मुळात जी राइड शरीराला घाबरवते, तिच्या गोष्टीतून भीती काढून टाकली की शरीर एक सांगतं आणि कान दुसरंच ऐकतात. ‘मजा आली, पण काहीतरी कमी होतं’ असं ज्यांना नेमकं बोट ठेवता येत नाही त्यांना बहुधा हेच म्हणायचं असतं. फॅसिलिए हवाच होता असं नाही. चढत्या पुराचं पाणी, वादळ, वेळेची शर्यत, काहीही चाललं असतं. चढणीच्या तोंडाशी एक खरा धोका हवा होता, एवढंच.

यात दुसरी एक तांत्रिक अडचण आहे, जिच्याबद्दल फार कमी लोक बोलतात. पाण्यावर तरंगणाऱ्या लॉगचा वेग कुणाच्या हातात नसतो. रुळावरची गाडी अमुक सेकंदाला अमुक जागी असेल हे ठरवता येतं. पाटातला लॉग वाहत्या पाण्याबरोबर जातो, कडेच्या भिंतींना घासतो, वळणावर रेंगाळतो. पुढे एखादा थांबला की मागचे त्याला येऊन टेकतात. आठ धष्टपुष्ट माणसांचा लॉग आणि चार पोरांचा लॉग यांचं वागणं वेगळं. म्हणून अशा राइडमध्ये लांब संवाद धोक्याचे. जुन्या राइडने गोष्ट सांगितली ती गोल फिरणाऱ्या गाण्यांतून आणि एका नजरेत कळणाऱ्या देखाव्यांतून: अस्वल फासात उलटं लटकलंय, बघितलं की कळलं. गाण्यात कुठूनही शिरलं तरी चालतं. नव्या राइडमध्ये टियाना तुमच्याशी वाक्यांमध्ये बोलते, काम सांगते. लॉग लवकर सरकला तर वाक्याचं शेपूट हुकतं, रेंगाळला तर तेच वाक्य दुसऱ्यांदा कानावर येतं. ‘गोष्ट कळलीच नाही’ अशा तक्रारींपैकी काही तरी इथून येतात, आणि त्या दिवसागणिक बदलतात.

मग नव्या राइडचं चांगलं काय? पुतळे. याबाबत चिडलेले चाहतेही सहसा वाद घालत नाहीत. टियानाच्या खांद्याची, मनगटाची हालचाल बघा: हात पुढे येतो तेव्हा खांदा आधी सैल पडतो, मग कोपर, मग बोटं उलगडतात. जुन्या पुतळ्यांत हात एका सांध्यातून वर-खाली व्हायचा आणि खटकन थांबायचा. चेहराही पडद्यावरून फेकलेला नाही, प्रत्यक्ष घडवलेला आणि हलणारा आहे. आवाज मूळ कलाकारांचे: टियानाला अनिका नोनी रोझ, मामा ओडीला जेनिफर लुइस. शेवटचं नवं गाणं न्यू ऑर्लिन्सच्याच पीजे मॉर्टन यांचं. टियानाच्या पात्रामागची प्रेरणा मानल्या जाणाऱ्या लीया चेस या न्यू ऑर्लिन्सच्या प्रसिद्ध स्वयंपाकी, त्यांचं डूकी चेस हे रेस्तराँ तिथे आजही नावाजलेलं. रांगेत स्वयंपाकघरापाशी बेन्ये तळल्याचा वास सोडलेला असतो. उपाशीपोटी रांगेत उभं राहू नका.

पुतळे चांगले, पण संख्येने कमी, आणि तिथे पुढची तक्रार सुरू होते. जुन्या राइडमध्ये साधे, दोन हालचालींचे पुतळे गर्दीने होते. नव्यात एकेक पुतळा महागडा आहे, त्यामुळे दोन देखाव्यांमधलं अंतर वाढलं. मधल्या पट्ट्यांत झाडोरा, काजव्यांचे दिवे, पडद्यावरच्या प्रतिमा. त्याच लांबीच्या पाटात कमी पुतळे पसरले की रिकामं वाटणारच. हा गणिताचा भाग आहे, चवीचा नाही.

डोंगराचंही तसंच. आधी जॉर्जियाच्या लाल मातीचा चिकापिन हिल होता, वर तुटलेल्या झाडाचा बुंधा. लुइझियानाच्या सपाट दलदलीत डोंगर आणायचा कुठून? डिझायनरांनी मिठाचा घुमट आणला, आणि ते बरोबर आहे: त्या किनाऱ्यावर जमिनीखालचं मीठ वर ढकललं जाऊन खरोखरच टेकड्या झालेल्या आहेत. तबॅस्को सॉस जिथे बनतो तो एव्हरी आयलंड अशाच मिठाच्या घुमटावर आहे. भूगोल चोख, पण उद्यानाच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो तो हिरवा उंचवटा आणि वर मुकुट घातलेली पाण्याची टाकी. लांबून बघणाऱ्याला भूगर्भशास्त्र दिसत नाही, टाकी दिसते. सहकारी संस्थेचा आणि मिठाच्या खाणीचा सगळा इतिहास रांगेतल्या पाट्यांवर, कात्रणांवर आणि रेडिओवर सांगितलाय. मराठी माणसाला सहकाराची गोष्ट नवी नाही, पण साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल वाचत कुणी झोपाळ्यावर बसत नाही. जो तपशील राइडमध्ये पोचत नाही तो तपशील गोष्ट होत नाही, माहिती होते.

सांगाडा का बदलला नाही, असं काहीजण विचारतात. कारण पाट, चढणी, उतार आणि त्यांचा पाया हे सगळं एकमेकांत ओतलेलं आहे. शेवटच्या उताराचा कोन बदलायचा म्हटलं तर पायापासून पाडावं लागेल, म्हणजे ती नवी राइड झाली. गोष्ट बदलताना साधारण क्रम असा: पाणी काढणं, जुने देखावे आणि तारा उपटणं, सिमेंटमधले तडे बुजवणं, पट्टे-पंप-सेन्सर तपासून हवे ते बदलणं, मग नवे देखावे, दिवे, ध्वनी, पाणी भरून रिकामे लॉग सोडणं, मग माणसांच्या जागी पाण्याने भरलेल्या बाहुल्या बसवून वजनासह, मग कर्मचारी, मग निवडक पाहुणे. गडबड होते ती शेवटच्या टप्प्यात. प्रत्येक नवा पुतळा, नवा सेन्सर म्हणजे थांबण्याचं एक नवं कारण.

फ्लोरिडात पहिल्या काही आठवड्यांत राइड वारंवार बंद पडली आणि त्यावर बरीच खिल्ली उडाली. पाण्याच्या राइडला थांबणं महागात पडतं हे लक्षात घ्या. कुणी लॉगमध्ये उभं राहिलं, कॅमेऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याने बटण दाबलं, की एकेका टप्प्यात एकच लॉग या नियमाने मागची सगळी रांग गोठते. पंप बंद झाले तर वरच्या पाटातलं पाणी उतरून खालच्या टाकीत जमतं, लॉग तळाला टेकतात. परत पाणी चढवून पातळी बसेपर्यंत काही सोडता येत नाही. विजा कडाडल्या की उघड्यावरची राइड बंद, आणि फ्लोरिडातला उन्हाळा म्हणजे जवळपास रोज दुपारी वादळ. जुनी राइडही बंद पडायची, भरपूर पडायची. आठवणीत मात्र ती सदैव चालू असते.

रांगेच्या आकड्यांवरूनही लोक भलते निष्कर्ष काढतात. फ्लोरिडातल्या लॉगमध्ये आठ जागा. समजा दर 15 सेकंदांनी एक लॉग सुटतो: तासाला 240 लॉग, 1,920 माणसं. चढउतारात पाच सेकंद जास्त लागून तो दर 20 सेकंदांवर गेला तर 180 लॉग, 1,440 माणसं. तासाला 480 जण कमी झाले. बाहेर तेवढीच गर्दी असली तरी पाटीवरची वेळ फुगते, आणि कुणी म्हणतं ‘बघा किती लोकप्रिय!’ जागा रिकाम्या सुटल्या तरी तेच. शिवाय सुरुवातीला फ्लोरिडात फोनवरून नंबर लावायची रांग होती, उभ्याने थांबायची नव्हे. त्या महिन्यांची तुलना जुन्या राइडच्या पाटीशी करणं निरर्थक आहे. थंडीत कुठल्याही पाण्याच्या राइडची रांग ओसरते, तेव्हा ‘पडली, पडली’ म्हणणारेही तितकेच चुकतात. एकाच ऋतूतले, एकाच वारचे, निम्म्याहून जास्त दिवस राइड चालू असलेले आकडे घ्या, तर काहीतरी कळेल.

व्हिडिओंचंही सांभाळून. लोकांनी राइडवर बसण्याआधी संपूर्ण फेरीचे व्हिडिओ बघून मत बनवलं. कॅमेरा अंधारात एकतर सगळं काळं करतो नाहीतर दिव्यांना भगभगीत पांढरं. छतावरचे काजवे, बाजूने येणारा गारवा, ब्रोमिन घातलेल्या पाण्याचा तो ओळखीचा वास, चढणीवर मागे कलणारी पाठ, यातलं काहीही त्यात येत नाही. पडद्यावर दिसतो तो फक्त पुतळ्यांमधला रिकामेपणा. तो दोष खरा आहे, पण व्हिडिओत दुप्पट दिसतो.

निरोपाच्या दिवसांचा उन्मादही असाच वाचावा लागतो. जानेवारी 2023 मध्ये कित्येक तासांच्या रांगा लागल्या आणि लोकांनी राइडचं पाणी बाटलीत भरून ऑनलाइन विकायला काढलं. वर्षानुवर्षं जवळून गेले तरी न बसलेलेही शेवटच्या आठवड्यात आले. बंद होणाऱ्या दुकानाच्या सेलसारखं ते आहे.

हा राग टिकतो का? मागची उदाहरणं बघा. फ्लोरिडातली मिस्टर टोड ही राइड 1998 च्या सप्टेंबरात विनी द पूसाठी बंद केली, तेव्हा चाहते हिरवे टी-शर्ट घालून उद्यानात जमायचे. पूच्या राइडमध्ये मिस्टर टोड घुबडाला घराचे कागद देतानाचं चित्र लावलं. तेवढं एक चित्र. पण पंचवीस वर्षं लोक ते दाखवत आलेत. फ्लोरिडातल्याच एपकॉट उद्यानातली नॉर्वेची मेलस्ट्रॉम ही नौका-राइड 2014 च्या ऑक्टोबरात बंद होऊन 2016 च्या जूनमध्ये फ्रोझन झाली. खऱ्या देशाच्या दालनात काल्पनिक राज्य कसं, हा आक्षेप रास्त होता आणि आजही रास्त आहे. पण रांगेत उभ्या असलेल्या चार वर्षांच्या मुलीला त्याचं सोयरसुतक नाही. कॅलिफोर्नियातला टॉवर ऑफ टेरर 2017 मध्ये गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी झाला. बाहेरचं रूप बेढब म्हणून टीका झाली, आत मात्र लिफ्टच्या उड्या गाण्यांच्या तालावर बसवल्या आणि दरवेळी गाणं वेगळं. इथे यांत्रिक अनुभव आणि नवी कल्पना एकमेकांत बसली, म्हणून टीका निवळली. टियानात नेमकं हेच झालं नाही.

आणि हाँटेड मॅन्शन या भुताटकीच्या राइडला 2001 पासून जवळपास दरवर्षी डिस्नेलँडमध्ये सणासुदीचा वेश चढवतात. त्यावर कुणी रागवत नाही, उलट वाट बघतात. का? जानेवारीत जुनं परत येणार हे ठाऊक असतं. राग बदलावर कमी आणि परतीचा रस्ता बंद होण्यावर जास्त असतो.

कृष्णवर्णीय चाहत्यांचं काय, हे बहुतेक चर्चांत तळटीपेसारखं येतं. टियाना ही डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या, आणि 2009 पासून तिच्या नावाची एकही राइड नव्हती. कित्येक कुटुंबांसाठी शेवटच्या पार्टीच्या देखाव्यात शिरणं हा त्या दिवसाचा सर्वोच्च क्षण असतो. पण हेच चाहते आपसात एक धारदार तक्रारही करतात: आमच्या राजकन्येच्या वाट्याला साहस आलं ते वादक शोधण्याचं, आणि जिवावरचं संकट मात्र सशाच्या वाट्याला? ही तक्रार वर सांगितलेल्या उडीच्या तक्रारीशी जाऊन मिळते. राजकारण बाजूला ठेवलं की दोन्हीकडचे जाणकार लोक बऱ्याचदा एकाच जागी बोट ठेवतात.

तुमच्यासाठी कामाचं. उंचीची अट 40 इंच, म्हणजे साधारण 102 सेंटिमीटर. घरीच बूट काढून मोजा, गेटवर रडारड नको. फेरी सुमारे दहा मिनिटांची. फ्लोरिडात दोन-दोनच्या ओळी आहेत आणि सगळ्यात जास्त भिजतात ते पुढच्या ओळीत बसणारे. कॅलिफोर्नियात एकामागे एक बसतात, पहिल्याला आंघोळ. फोन झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत, मोजे पिशवीत वेगळे, कोरडा जोड बरोबर. सकाळी उघडताच गेलात तर रांग कमी पण दिवसभर ओले बूट. दुपारी गेलात तर रांग मोठी आणि वादळाचा धोका. ऊन उतरल्यावर, दिवेलागणीला जमलं तर बघा: बाहेरच्या पाटावरचे दिवे लागलेले असतात आणि शेवटच्या चढणीवरून आकाश दिसतं.

मुलांना जुन्या राइडबद्दल आधी काही सांगू नका. बसून आल्यावर विचारा, उडी का मारली? उत्तर आलं तर राइडने काम केलं असं समजा. आणि स्वतःला ससाच बघायचा असेल तर टोकियोचं तिकीट काढावं लागेल. तिथलं उद्यान ओरिएंटल लँड या जपानी कंपनीच्या मालकीचं, डिस्नेकडून परवाना घेऊन चालवलेलं; अमेरिकेतल्या बदलाबरोबर तिथे बदल झाला नाही.